गिटारीचे सोवळे-ओवळे

परदेशी संगीताची गोडी असलेल्या आमच्या काही स्नेह्यांचे एक मत आम्ही वारंवार ऐकत आलो आहोत. ते असे की, अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांचे ‘ब्लूज’ हे गाणे खेड्यातल्या ओसरीवर, साध्या लाकडी गिटारीच्या साथीने गायिले जाई तोवरच ते अस्सल होते. पुढे ते शहरात आले, त्याने विजेची गिटार हाती धरली आणि ते बाटले. ज्या मताला कोणी हरकत घेत नाही, ते कालांतराने सिद्धान्ताचा आव आणू लागते. म्हणून या मतास आम्ही येथे स्पष्ट हरकत घेत आहो.

आमच्या बाजूने एकच साक्ष पुरेशी आहे. ती म्हणजे मेम्फिस येथील ‘स्टॅक्स’ या कंपनीने १९६७ साली काढलेली अल्बर्ट किंग याची ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ ही अकरा गीतांची ध्वनिमुद्रिका. हा गायक-वादक पुस्तकी शिक्षणातून आलेला नव्हे. कापसाच्या शेतात राबलेला, काही काळ बुलडोझर चालविलेला असा हा धिप्पाड मनुष्य डावखुरा होता. उजव्या हाताने वाजवावयाची गिटार तो तारा न बदलता सरळ उलटी धरी. त्यामुळे बारीक तारा वर आणि जाड तारा खाली अशी उफराटी मांडणी होई. इतर वादक जी तार वर ढकलतात, ती हा खाली खेचीत असे, आणि तेही अशा जोराने की एकाच जागेवरून स्वर कितीतरी वर चढावा. आपला सतारिया पडद्यावर तार खेचूनच मींड घेतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या करामतीचे मर्म निराळे सांगावयास नको.

आता विजेने येथे काय केले ते पाहा. लाकडी गिटारीचा स्वर छेडताक्षणी विरू लागतो. खेचलेल्या तारेचा प्रवास पुरा होण्याआधीच नाद आटतो. विजेच्या साह्याने तो नाद टिकून राहिला, म्हणूनच ती तार गळ्यासारखी गाऊ शकली. वीज म्हणजे गोंगाट असे म्हणणाऱ्यांनी या मुद्रिकेतील मौन ऐकावे. किंग थोडे स्वर घेतो आणि थांबतो. गाण्याची ओळ संपली की गिटार उत्तर देते, आणि उत्तर संपले की गप्प बसते. हा संयम ज्यास ऐकू येत नाही, त्याने दोष वाद्यास देऊ नये.

शिवाय ही वीज कोणी हौसेने आणलेली नव्हे. मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपी सोडून शिकागोस गेला. तेथील गुत्त्यांच्या कोलाहलात लाकडी गिटार ऐकू येईना, म्हणून त्याने विजेची घेतली. पोटासाठी मुलूख सोडलेल्या लाखो माणसांबरोबर त्यांचे गाणेही गेले आणि नव्या जागी ऐकू येईल अशा आवाजात बोलू लागले. तोच वादक १९५८ साली इंग्लंडात गेला, तेव्हा तेथील काही शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली. ज्यांनी कापूस कधी वेचला नाही, त्यांनी कापूस वेचणाऱ्याच्या पोरास ‘तू आता खरा राहिला नाहीस’ असे सांगावे, यापरता उद्धटपणा कोणता?

आणि शुद्धतेचा शोध घ्यावयाचाच तर या मुद्रिकेत ती कोठे सापडणार? ‘क्रॉसकट सॉ’ हे जुने गीत येथे क्यूबाकडील वळणाच्या ठेक्यावर चालते. ‘लॉन्ड्रोमॅट ब्लूज’मधील संशयी नवऱ्याची व्यथा शहरातल्या सार्वजनिक धुलाईघराभोवती फिरते. ‘द व्हेरी थॉट ऑफ यू’ हे गीत तर रे नोबल या इंग्रज रचनाकाराचे, १९३४ सालचे. साथ करणाऱ्या ‘बुकर टी. अँड द एम. जी.ज’ या वाद्यवृंदात बुकर टी. जोन्स व अल जॅक्सन हे कृष्णवर्णीय, तर स्टीव्ह क्रॉपर व डोनाल्ड डन हे गोरे. ज्या मेम्फिसमध्ये वर्णशुद्धीचे सोवळे पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले, आणि जेथे ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, त्याच शहरात, पूर्वी चित्रपटगृह असलेल्या एका जुन्या वास्तूत, ही मंडळी एकत्र बसून वाजवीत होती. तेव्हा ‘शुद्ध’ हा शब्द या संगीतापुढे उच्चारताना जीभ जराशी अडखळावयास हवी.

वाचक विचारतील, आम्हा कारकुनांना या परक्या भांडणाशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे. बदलीच्या हुकुमाबरहुकूम परमुलखात संसार थाटणाऱ्या आपणां मंडळींच्या मराठीवर, घरच्या सणावारांवर, मुलांच्या उच्चारांवर हाच शेरा मारला जातो: ‘तुमचे आता अस्सल राहिले नाही.’ शेरा मारणारे बहुधा गाव न सोडलेले असतात. आम्ही त्यांस एवढेच विचारतो की, जी भाषा वा जे गाणे चार परकी माणसे भेटताच मरते, ते मुळात जिवंत होते तरी किती?

अल्बर्ट किंग १९९२ साली वारला. त्याचे स्वर एरिक क्लॅप्टनसारख्या इंग्रज शिष्यांनी उचलले. याच मुद्रिकेचे शीर्षकगीत ‘क्रीम’ या वाद्यवृंदाने १९६८ साली पुन्हा गायिले. शिष्यांची कीर्ती गुरूहून मोठी झाली खरी. परंतु त्यांनी जे उचलले ते ओसरीवरचे नव्हते, उलट्या धरलेल्या विजेच्या गिटारीवरचे होते. वंश चालला तो ‘बाटलेल्या’ गाण्याचा. सोवळ्यात जपून ठेवलेल्या वस्तूला फक्त वारस असतात. शिष्य मिळतात ते वापरात राहिलेल्या विद्येलाच.