लखलखीत पुंगळी आणि काळे पाणी

दिवाळीच्या आधी माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरतात. चिंचेचा कोळ लावून घासले की काळपट थर निघतो आणि घागर सोन्यासारखी चमकू लागते. चिंचेतले टार्टारिक आम्ल पितळेवरचा ऑक्साइडचा थर विरघळवते. ते काळे पाणी मोरीत सोडताना कुणी विचार करत नाही, आणि तशी गरजही नसते. अमेरिकेत असंख्य घरांच्या गॅरेजमध्ये हेच काम वेगळ्या पितळेवर चालते. तिथल्या काळ्या पाण्याचा मात्र विचार करायलाच हवा.

हे पितळ म्हणजे बंदुकीच्या काडतुसाची रिकामी पुंगळी. तिच्यात साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. गोळी सुटल्यावर पुंगळी मागे उरते. ती स्वच्छ करून नवा प्राइमर, दारू आणि गोळी बसवली की काडतूस पुन्हा वापरता येते. याला रीलोडिंग म्हणतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे; अमेरिकेत नेमबाज आणि शिकारी हा उद्योग छंद म्हणून, शिवाय पैसे वाचतात म्हणून घरीच करतात. बंदुका घरात असाव्यात की नाही, हा वाद आज बाजूला ठेवू. माझा मुद्दा शिशाचा आहे.

पुंगळीच्या बुडाशी असलेल्या प्राइमरमध्ये बहुधा लेड स्टिफ्नेट हे शिशाचे संयुग असते. घोडा ओढल्यावर ते पेटते आणि शिशाची बारीक राख पुंगळीत चिकटून राहते. पूर्वी, आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी, या पुंगळ्या अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा भरडा घालून थरथरणाऱ्या भांड्यात साफ करतात. पितळ चकचकीत होते, पण भरड्यात शिसे मुरते. भरडा चाळताना जी धूळ उडते ती श्वासातून फुप्फुसात जाते, कपड्यांवर बसते आणि कपड्यांबरोबर घरात येते.

म्हणून ओली पद्धत लोकप्रिय झाली. फिरत्या ड्रममध्ये पुंगळ्या, पाणी, स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना, थोडा भांड्यांचा साबण आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल घालायचे आणि दोन-तीन तास ड्रम फिरू द्यायचा. प्राइमर आधीच काढला असेल तर पिना त्याच्या खोबणीतही पोहोचतात. पुंगळी आतून-बाहेरून नव्यासारखी निघते आणि धूळ उडत नाही. या दोन पद्धतींत निवड करायची तर मी निःशंकपणे ओल्या पद्धतीच्या बाजूने आहे. श्वासातून गेलेले शिसे शरीरात फार सहज शोषले जाते, आणि ती वाट इथे बरीचशी बंद होते.

पण ‘धूळ नाही म्हणजे शिसे नाही’ हा समज चुकीचा आहे. धुळीतले शिसे पाण्यात उतरलेले असते. ड्रम उघडल्यावर दिसणारे ते करडे-काळे पाणी म्हणजे तेच. गाळ खाली बसला की वरचे पाणी शुद्ध झाले, असेही मानू नये. सायट्रिक आम्ल काही शिसे विरघळवून पाण्यातच ठेवते. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. हे लक्षात घेतले की स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये पुंगळ्या खळखळून धुणे, भाजीच्या चाळणीत पिना निथळणे किंवा जेवण भाजायच्या ओव्हनमध्ये पुंगळ्या वाळवणे किती धोक्याचे आहे हे कळते. यातले काहीच काल्पनिक नाही. छंदाच्या उत्साहात लोक हे करतात.

धोका सर्वांत जास्त लहान मुलांना. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहावा हिस्सा शोषला जातो, लहान मुलांत तो निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. त्याचा घाला वाढत्या मेंदूवर पडतो. मुलांच्या रक्तातील शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये दखल घेण्याची पातळी डेसिलिटरला ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. मोठ्यांमध्ये रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. रक्तातले शिसे काही आठवड्यांत कमी होते, पण हाडांत साठलेले दशकानुदशके राहते.

चमकेच्या हव्यासापोटी आणखी एक चूक होते, ती म्हणजे अमोनिया असलेले पॉलिश वापरणे. पितळ आणि अमोनिया यांचे वैर तर आपल्याच देशात उघड झाले. ब्रिटिश फौजेची तबेल्यांत साठवलेली काडतुसे पावसाळ्यात तडकत. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात राहिलेला ताण यांमुळे असे होते, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. तडकलेली पुंगळी गोळी झाडताना फुटू शकते. जास्त आम्लही बरे नाही. त्याने पितळातले जस्त निघून जाते आणि पुंगळी गुलाबी दिसू लागते.

मग करावे काय? काम स्वयंपाकघराबाहेर, वेगळ्या भांड्यांत, हातमोजे घालून करावे. पाणी अंगणात किंवा भाज्यांच्या वाफ्यात ओतू नये. बंद डब्यात साठवून स्थानिक घातक कचरा संकलन केंद्रात द्यावे. अमेरिकेत खेड्यापाड्यांतल्या अनेक घरांत विहिरीचेच पाणी पितात, तिथे तर हे कटाक्षाने पाळावे. खाण्यापूर्वी हात नीट धुवावेत, कामाचे कपडे वेगळे धुवावेत. नियमित रीलोडिंग करणाऱ्याने आणि त्याच्या घरातल्या मुलांनी रक्तातले शिसे तपासून घ्यावे. ड्रम विकणाऱ्यांनीही खोक्यावर चमकत्या पुंगळीच्या चित्राएवढ्याच मोठ्या अक्षरांत या पाण्याविषयी लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे तिकडे आहेत. एखाद्याला हा छंद असेल, एखाद्याच्या शेजाऱ्याला असेल. नातवाला गॅरेजमध्ये चमकणाऱ्या पुंगळ्या खेळायला मिळाल्या, तर फोनवर एवढे जरूर विचारा: पुंगळ्या धुतल्या ते पाणी कुठे ओतले?