सुट्ट्यांची यादी आणि घरातील ज्येष्ठ

वाचकहो, शाळेच्या सुट्ट्यांचा विषय आरोग्याच्या पाक्षिकात कशासाठी, असे आपल्या मनात येईल. परंतु ज्या घरात शुश्रूषेची गरज असलेली वयोवृद्ध व्यक्ती आहे आणि शाळेत जाणारे मूलही आहे, त्या घराचा दिनक्रम शाळेच्या वेळापत्रकावरच चालतो. आजोबांचा व्यायाम करून घेण्यास कोणत्या वेळी बोलवावे, सूनबाईंना औषधे आणण्यास सवड केव्हा मिळेल, आजींना दुपारी घटकाभर झोप लागेल की नाही, हे सारे शाळा भरली आहे की सुटली आहे यावर ठरते.

सुट्ट्या केव्हा आणि किती असाव्यात, हा वाद आपल्या राज्यात दरवर्षी रंगतो. माध्यमिक शाळा संहितेनुसार वर्षातील सर्व सुट्ट्या 76 दिवसांपेक्षा अधिक होऊ नयेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी किमान 200, तर सहावी ते आठवीसाठी 220 कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. त्यामुळे एकीकडे सुट्टी वाढवायची तर दुसरीकडे ती कापावी लागते. कोकणात गौरी-गणपतीसाठी मोठी सुट्टी हवी असते. शिक्षणाधिकाऱ्यांच्या अनुमतीने ती उन्हाळ्याच्या वा दिवाळीच्या सुट्टीतून वळती करून घेता येते. विदर्भात जूनच्या मध्यावरही ऊन ओसरलेले नसते. म्हणूनच 2024 मध्ये राज्यात इतरत्र शाळा 15 जूनला उघडल्या, तेव्हा विदर्भातील शाळांसाठी 1 जुलै ही तारीख होती. पुढच्याच वर्षी मात्र राज्यभर एकाच वेळापत्रकाने 8 ते 25 एप्रिल या काळात वार्षिक परीक्षा घेण्याचे ठरले आणि शिक्षक-पालकांनी त्यास विरोध केला.

या वादात मुलांना लागणाऱ्या उन्हाची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण परीक्षा संपवून मूल बाहेर येते तेव्हा फाटकापाशी उभे कोण असते? आई-वडील दोघेही नोकरीवर असतील, तर बहुधा आजी किंवा आजोबा. वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते, घामही पूर्वीसारखा येत नाही. रक्तदाबासाठी वा हृदयविकारासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी आणि क्षार आणखी घटतात. अशा व्यक्तीने एप्रिलच्या भर दुपारी अर्धा तास उभे राहणे हे मुलाने उन्हातून चालत येण्यापेक्षा कमी धोक्याचे नाही. उन्हाळ्यात ती गोळी तशीच घ्यावी की मात्रा बदलावी, हे डॉक्टरांना मार्चमध्येच विचारून ठेवावे. परस्पर बंद मात्र करू नये. आणि शाळेतून मुलाला आणण्याचे काम शेजारच्या दोन-तीन घरांत वाटून घेता आले, तर त्यात संकोच कसला?

सुट्टीची दुसरी बाजूही पाहा. मुंबई-पुण्यात रुग्णाची देखभाल करणाऱ्या कित्येक मावशींचे गाव कोकणात असते. गणपतीला त्या गावी जातात, आणि जायलाच हव्यात. नेमकी त्याच दिवसांत शाळाही बंद असेल, तर अंथरुणास खिळलेले सासरे आणि घरभर धावणारी दोन मुले, दोन्ही भार एकाच व्यक्तीवर पडतात. तिने महिनाभर आधी बदली मावशी शोधावी म्हटले, तरी सुट्टीच्या तारखा तेव्हा ठाऊक हव्यात ना!

म्हणूनच माझे मत असे, की राज्यभर एकच तारीख लादण्याचा आग्रह सोडावा. चंद्रपूर आणि रत्नागिरी यांचे हवामान एक नाही, सणही एका मापाचे नाहीत. परंतु जिल्ह्याची यादी एकदा प्रसिद्ध झाली, की ऐनवेळी ती हलवू नये. उष्णतेच्या लाटेसारखे कारण असेल तर गोष्ट वेगळी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. नातवंडांचे पालकत्व आपणच निभावत असाल, तर समितीच्या सदस्यांपाशी हा मुद्दा आवर्जून मांडा. घरी वृद्ध रुग्ण आहे हेही सांगा. त्यात कमीपणा नाही.

जाता जाता एक गोष्ट. शस्त्रक्रिया ‘मुलांच्या सुट्टीत करू’ म्हणून पुढे ढकलण्याची रीत घरोघरी आहे. गुडघ्याच्या बाबतीत ती समजण्यासारखी आहे, कारण त्यानंतर घरात काही आठवडे माणूस लागते. मोतीबिंदूचे तसे नाही. आजच्या पद्धतीने ही शस्त्रक्रिया कोणत्याही ऋतूत होते, आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येते. धूसर दिसत असताना जिन्यावरून पाय घसरला, तर मांडीचे हाड मोडून महिनोन्महिने अंथरूण धरावे लागते. नेत्रतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया करून घ्या असे सांगितले असेल, तर दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहू नका. मुले शाळेत असतील असाच एखादा कामाचा दिवस निवडा. घर शांत असेल आणि डोळ्यांत वेळेवर थेंब घालण्यास कोणाला तरी उसंत मिळेल.