केवडियाची पहिली लिफ्ट

थंडी पडायला लागली की आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत एकच चौकशी सुरू होते, "मॅडम, केवडिया एका दिवसात होतं का?" यंदा तर दोन वाचक बहिणींनीही तेच विचारलं आहे. एक तळोद्याच्या, एक शहाद्याच्या. दोघींच्या घरी लहान मुलं आहेत आणि दोघींच्या घरी वयस्क माणूस आहे. म्हणून या महिन्यात हाच विषय घेते.

केवडिया, म्हणजे आताचं एकतानगर, आपल्याला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. नंदुरबारहून हातोडा पुलावरून तापी ओलांडायची, मग तळोदा, अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा, राजपीपला आणि केवडिया. सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने जायचं तर सुरत, बडोदा असा मोठा वळसा पडतो, तेव्हा गाडीच बरी. सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ला खुला झाला. तो घडवणारे शिल्पकार राम सुतार आपल्या खान्देशातलेच, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. त्यानंतर तिथे फुलांची बाग, प्राण्यांची सफारी, मुलांचं पोषण उद्यान, संध्याकाळी प्रकाशाचा खेळ असं एकेक वाढत गेलं. आता ती एक भली मोठी करमणूक नगरीच आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तिथली गर्दी पाहून छाती दडपते.

आधी आमची फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी ईद ऐन उन्हाळ्यात होती. ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोन गाड्यांतून चौदा जण निघालो. निघालो म्हणजे आठला निघायचं ठरलं आणि साडेनऊला निघालो, कारण बिर्याणीचं पातेलं दमावर होतं. माझी नणंद आणि मी रात्री दोनपर्यंत स्वयंपाकघरात होतो. पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. पुतळ्याच्या आत वर जायचं तिकीट वेळ ठरवून मिळतं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवसाची वर जायची तिकिटं संपली होती. मग बाहेरून बघू, म्युझियम बघू, असं करत मुलं पांगली. माझ्या सासूबाई, ज्यांना घरात आम्ही सगळे अम्मी म्हणतो, सावलीतल्या एका बाकावर बसल्या. "तुम्ही जा, मी सामान सांभाळते," म्हणाल्या. दोन वाजता बसल्या त्या सहा वाजताच उठल्या. परतताना गाडीत मी विचारलं, "अम्मी, काय काय पाहिलंत?" त्या म्हणाल्या, "चपला पाहिल्या. सगळ्यांच्या."

हसून म्हणाल्या, पण मला ते लागलं. चूक आमचीच होती. ती जागा बघायची सर्वांत जास्त ओढ अम्मींनाच होती, हे मला पुढे कळलं.

तर आता मुद्द्याचं. अशा ठिकाणी पहाटे जायचं ते का? नुसतं ऊन लागू नये म्हणून नाही. मी वर्गात हे फळ्यावर गणित मांडून दाखवते. समजा एक लिफ्ट तासाला १०० माणसं वर नेते आणि गेटवर तासाला १५० माणसं येतात. पहिल्या तासानंतर ५० माणसं रांगेत उरतील. दुसऱ्या तासानंतर १००. आठला गेट उघडलं असेल तर बाराला २०० माणसं उभी असतील, आणि जो बाराला येईल त्याला दोन तास थांबावं लागेल. सव्वाआठला आलेला पाच-सात मिनिटांत वर. आकडे माझे, समजण्यापुरते. पण रांग अशीच वाढते, मग ती लिफ्टची असो, पाळण्याची असो की रेशनची. अमेरिकेत १९५५मध्ये डिस्नेलँड सुरू झालं. तिथल्या जाणत्या घरांची रीत अशी, की उद्यान उघडायच्या आधी दाराशी उभं राहायचं, दोर सरकला की सर्वांत जास्त गर्दीच्या पाळण्याकडे आधी जायचं, बाकीचं मग निवांत. वाटेत दिसेल ते बघत जाणारा माणूस सकाळचा मोलाचा तास फुकट घालवतो.

केवडियात असं अरुंद दार एकच आहे: पुतळ्याच्या छातीच्या उंचीवरची गॅलरी. तिच्यात एका वेळी साधारण २०० माणसं मावतात. बाग कितीही माणसं सामावून घेते, गॅलरी नाही. म्हणून पहाट गॅलरीला द्यायची. तिचं तिकीट ऑनलाइन काढता येतं, आणि ते दोन-दोन तासांच्या वेळेनुसार असतं. पहिली वेळ सकाळी आठची. तिकीट आधी काढा, मग रजा टाका, मग पाहुण्यांना बोलवा. आमच्याकडे हे नेमकं उलट्या क्रमाने होतं.

वार कोणता? सोमवारी बंद असतं. शनिवार-रविवारी अर्धं गुजरात तिथे असतं. शुक्रवारी जुम्याच्या नमाजसाठी पुरुष मंडळींचा भर दुपारचा वेळ मोडतो, दिवसाचे दोन तुकडे होतात. राहिले मंगळवार, बुधवार आणि गुरुवार. दिवाळीची सुट्टी आणि ईदचा दुसरा-तिसरा दिवस तर विसराच. मी बुधवार धरला आणि एक किरकोळ रजा टाकली. मुलांची एक दिवस शाळा बुडाली. शिक्षिका असून हे लिहिते आहे, माफ करा.

आता खरा प्रश्न: आठला तिथे उभं राहायचं तर नंदुरबारहून निघायचं कधी? चार तासांचा हिशेब धरला, शिवाय गाडी उभी करून पुढे बसने जायचा वेळ, तर पहाटे तीनला. तरुण जोडपं असेल तर खुशाल निघा. जानेवारीत फजरची वेळ पावणेसहाच्या पुढेच होते, तेव्हा नमाज वाटेत कुठेतरी होईल. पण सत्तरीचं माणूस आणि सहा वर्षांचं पोर घेऊन तीनला निघू नका. सागबाऱ्याच्या पुढे रस्ता जंगलातून वळणावळणाने जातो. झोपमोड झालेलं पोर तिथे हमखास उलटी करतं, आणि गाडी चालवणाऱ्याचे डोळे जड होण्याची वेळही तीच. मी तीनच्या निघण्याच्या विरोधात घरात दोन दिवस भांडले. आमच्या यांचं म्हणणं, एका रात्रीचं भाडं वाचेल. मी म्हटलं, मागच्या वेळी डिझेल, तिकीट आणि चौदा जणांचा दिवस खर्चून अम्मींनी चपला पाहिल्या, त्याचा हिशेब कुणी केला?

मंगळवारी शाळा सुटल्यावर साडेपाचला निघालो आणि दहाच्या सुमारास राजपीपल्यात मुक्काम केला. तिथून केवडिया पंचवीस-सव्वीस किलोमीटर. सकाळी फजर खोलीतच झाली. चहा-बिस्किटं खाऊन पावणेसातला गाडीत. आपल्या घरांना या बाबतीत एक फायदा आहे. पहाटे उठणं हे आपल्याला सहलीचं खास काम वाटत नाही. ज्या घरात फजरला दिवा लागतो, त्या घराने फक्त नमाजनंतर परत आडवं व्हायचं नाही, इतकंच. रमजानमध्ये सेहरीला उठणाऱ्या मुलांना तर हे अवघडही नाही.

डब्याबद्दल बहिणींना आग्रहाने सांगते. पहाटेच्या सहलीचा सगळा भार आदल्या रात्री बाईवर पडतो, आणि मग ती दिवसभर पेंगत फिरते. बिर्याणी घरी परतल्यावर खा. आम्ही दुधातल्या दशम्या, उकडलेली अंडी, शेंगदाण्याची चटणी आणि आपल्या नंदुरबारी मिरचीचा ठेचा एवढंच नेलं. दशम्या मंगळवारी सकाळीच करून ठेवल्या होत्या. डबा गाडीत ठेवला, वर जाताना हातात काही नाही. तपासणीत पिशव्या जितक्या कमी, तितके तुम्ही लवकर पुढे. आणि सामान नसलं की ते सांभाळायला कुणाला बसवावंही लागत नाही.

शाळेच्या सहलीत मी एक शिकले. रांग शेवटच्या मुलाच्या चालीने चालते, पुढच्या मुलाच्या नाही. घरच्या सहलीतही सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवायचं. मागे ठेवलं की ते माणूस सारखं "तुम्ही व्हा पुढे" म्हणतं आणि शेवटी कुठल्यातरी बाकावर बसतं. आम्ही अम्मींना पुढे घेतलं. तिथे चाकाची खुर्ची मिळते. अम्मींना आधी लाज वाटली. "मी काय आजारी आहे?" म्हणाल्या. धाकटीने सांगितलं, "दादी, गाडी आहे ती, मी ढकलणार." मग बसल्या. पुतळ्याकडे जाताना सरकते पट्टे आहेत, त्यामुळे चालणं तसं कमीच पडतं. साडेसातपर्यंत आम्ही आवारात होतो. आठची वेळ सुरू झाली तेव्हा आमच्यापुढे फार तर चाळीस माणसं असतील. सव्वाआठनंतर थोड्याच वेळात लिफ्टमध्ये.

थंडीत एक धोका असतो. नदीवर सकाळी धुकं बसतं. आम्ही वर पोचलो तेव्हा समोर सगळं पांढरं. थोरला वैतागला. म्हणाला, "यासाठी इतक्या लवकर?" पण गर्दी नसल्यामुळे कुणी आम्हाला पुढे ढकलत नव्हतं. उभे राहिलो. पंधरा-वीस मिनिटांत ऊन चढलं, धुकं फाटत गेलं, आधी धरणाची भिंत दिसली आणि मग तिच्यामागचं पाणी. दुपारच्या रेटारेटीत एवढा वेळ एका जागी उभं राहायला मिळालं नसतं.

अम्मी खुर्चीतून उठून जाळीला धरून उभ्या राहिल्या. त्यांचे अब्बा कापडाचे फिरते व्यापारी होते. धडगाव, मोलगीचे बाजार करायचे आणि तिथून खाली नर्मदाकाठच्या गावांत कापड, मीठ, गूळ घेऊन जायचे. मणिबेलीजवळच्या शूलपाणेश्वराच्या जत्रेला दरवर्षी पाल ठोकायचे. अम्मी लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर गेल्या होत्या. नदीत पाय सोडून बसल्याचं त्यांना आठवत होतं. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मागच्या वेळी बाकावर बसूनही नाही. आता वरून त्या विचारत होत्या, "मणिबेली कुठल्या बाजूला?"

मी बोट दाखवलं, धरणाच्या मागे, पाण्याकडे. मणिबेली हे या धरणाच्या बुडितातलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्यात गेलं. माझ्या वर्गात अशी मुलं बसलेली आहेत, ज्यांचे आजी-आजोबा तिथून उठून सोमावल, रोझव्याच्या वसाहतींत आले. नर्मदेचा धडा आला की मी त्यांना घरून गावांची नावं विचारून यायला सांगते. पुस्तकात नाहीत इतकी नावं ती घेऊन येतात. अम्मी पाण्याकडे बघत तशीच नावं घेत होत्या. चिमलखेडी म्हणाल्या, आणखी दोन-तीन म्हणाल्या. थोरला फोन खिशात ठेवून ऐकत होता. मग त्याने विचारलं, "दादी, तुझे अब्बा इतकं चालत जायचे?" "घोडं होतं एक," अम्मी म्हणाल्या, "पण त्याच्यावर कापड असायचं."

खाली आलो तेव्हा साडेनऊ झाले होते. लिफ्टची रांग वळून बाहेरपर्यंत गेली होती. तिच्या शेवटी आमच्यासारखंच एक मोठं कुटुंब होतं आणि त्यांच्यातली आजी आत्ताच बसायला जागा शोधत होती.

उरलेला दिवस थोडक्यात. अकरापर्यंत खालचं म्युझियम. मग गाडीपाशी येऊन जेवण, थोडी विश्रांती आणि जुहर. मुसाफिराच्या दोनच रकात, त्यामुळे वेळ लागला नाही. वुजूसाठी पाच लिटरचा कॅन गाडीत ठेवाच. दुपारी मुलांना पोषण उद्यानात नेलं. तिथे छोट्या रेल्वेत बसून फळं-भाज्या, दूध, धान्य अशी वेगवेगळी स्टेशनं बघायची असतात. म्हाताऱ्या माणसालाही बसून बघता येतं, म्हणून दुपारच्या उन्हाला हीच जागा योग्य. सफारी आम्ही सोडली. तिथे चालणं बरंच आहे, आणि एका दिवसात पुतळा, सफारी, बाग, प्रकाशाचा खेळ हे सगळं बसवणारे लोक शेवटी एकमेकांवर खेकसताना दिसतात. प्रकाशाचा खेळ अंधार पडल्यावर असतो. रात्री घरी परतायचं असेल तर तोही सोडा. माझी मुलं यावर अजून नाराज आहेत.

चारच्या सुमारास निघायच्या आधी अम्मींनी गोऱ्याला न्यायला सांगितलं. शूलपाणेश्वराचं नवं देऊळ तिथे बांधलं आहे. तिथपर्यंत आम्ही गुलाबी रिक्षाने गेलो. ती चालवणारी बाई जवळच्याच गावची होती. अम्मींनी तिला मणिबेली माहीत आहे का विचारलं. तिची मावशी तिथलीच निघाली. देवळाबाहेरच्या झाडाखाली दोघी वीस-पंचवीस मिनिटं बोलत बसल्या, एक गुजरातीत, एक आमच्या खान्देशी बोलीत. रिक्षाचं भाडं तिने घेतलं, पण थांबण्याचे पैसे घेतले नाहीत. निघायला त्यामुळे पाच वाजले, आणि नंदुरबारला पोचेपर्यंत साडेनऊ.