वेंधळा म्हणण्याआधी

टेंभुर्णीत महामार्गालगतच्या वस्त्यांमधून सकाळी मुलं शाळेच्या बसने जातात आणि संध्याकाळी दोन-चार नवे इंग्रजी शब्द घेऊन घरी येतात. त्यातला हल्ली फार ऐकू येणारा शब्द म्हणजे 'ऑकवर्ड'. पाहुण्यांना सलाम करायला सांगितलं की 'ऑकवर्ड', शेजारच्या खालांनी मार्क विचारले की 'ऑकवर्ड'. दादींना वाटतं, पोरगं कुणाला तरी नावं ठेवतंय. म्हणून या महिन्यात हा शब्द आणि त्याची भावंडं पाहू.

इंग्रजीत या कामाची वाटणी आहे. हातातून ग्लास निसटतो, चहा सांडतो, त्याला 'क्लम्झी'. एका वर्षात ताडासारखं वाढलेलं आणि हातपाय कुठे ठेवावेत ते न कळणारं पोर 'अनगेनली'. चार माणसांत काय बोलावं हे सुचत नाही, ते 'ऑकवर्ड'. हा शब्द माणसालाही लागतो, प्रसंगालाही आणि मध्येच पडलेल्या शांततेलाही. रीतभात ठाऊक नसल्याने चुकणारा 'गोश'. आणि हे सगळं झाल्यावर तोंड लपवावंसं वाटतं, ते 'एम्बॅरस्ड'. त्यालाच आपण ओशाळणं म्हणतो, किंवा खजील होणं. यातला 'खजील' आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि मराठीत पक्का मुरला.

मराठीतही शब्दांना तोटा नाही. वेंधळा, धांदरट, धसमुसळा, गबाळा, अजागळ, बावळट, आणि घरच्या बोलीतले अनाडी, फूहड. पण हे बहुतेक शब्द माणसाला चिकटतात. शीरखुर्म्याची वाटी सांडते ती एका क्षणात, आणि पुसायला दोन मिनिटं लागतात. त्या वेळी मुलीला दिलेलं 'वेंधळी' हे नाव मात्र तिच्या सासरपर्यंत पोहोचतं. पुढे तिच्या हातून शंभर वाट्या नीट गेल्या तरी त्या कुणी मोजत नाही.

या इंग्रजी शब्दांची मुळं पाहण्यासारखी आहेत. 'क्लम्झी' ज्या जुन्या शब्दातून आला, त्याचा अर्थ होता थंडीने बधिर होणं. गारठलेल्या बोटांतून वस्तू निसटणारच, त्यात बोटांचा काय गुन्हा? 'ऑकवर्ड'च्या मुळाशी उलट्या दिशेला वळलेलं असा अर्थ आहे. 'एम्बॅरस'च्या मुळाशी अडथळा येणं, वाट अडणं. त्याच कुळातला स्पॅनिश शब्द गरोदर बाईसाठी वापरतात.

आता आपला 'अवघडणे' हा शब्द घ्या. एका जागी बराच वेळ बसलं की पाय अवघडतो. अनोळखी माणसांत मन अवघडतं. दिवस भरत आलेल्या बाईला आपण अवघडलेली म्हणतो आणि तिला बसायला जागा देतो. इंग्रजीत जे तीन शब्दांत विखुरलं आहे, ते मराठीने एका क्रियापदात धरलं आहे. आणि क्रियापदाची खुबी अशी की ते घडतं आणि सरतं. पाय अवघडला तर थोडं चाललं की मोकळा होतो. 'मला अवघडल्यासारखं झालं' म्हणणाऱ्या मुलाला उद्या मोकळं वाटू शकतं. 'तू बावळटच आहेस' ऐकणाऱ्याला ही वाट उरत नाही. मूल 'ऑकवर्ड' म्हणतं तेव्हा ते हेच सांगत असतं. ते ऐकून घ्यावं आणि त्याला आपला शब्दही द्यावा.

सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा करू नका, एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नका, अशी ताकीद आहे. ती आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी लक्षात ठेवतो. घरातल्या लेकरांनाही ती लागू आहे, हे विसरतो. हजरत अनस (रजि.) वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आले. दहा वर्षं त्यांनी सेवा केली. त्या काळात आपल्याला प्रेषितांनी (स.) कधी 'उफ्' म्हटलं नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातून काय काय होतं, हे प्रत्येक आईला माहीत आहे.

लाजाळूपणाबद्दलही एक हदीस आहे. एक अन्सारी आपल्या भावाला त्याच्या लाजरेपणावरून बोल लावत होते. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवलं, त्याला तसंच राहू द्यायला सांगितलं आणि हया हा ईमानचा भाग असल्याचं सांगितलं. शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'शाय' असा शेरा आला म्हणून मुलावर चिडण्याआधी हे आठवावं. मात्र हया वेगळी आणि भीती वेगळी. शंका असूनही शिक्षकांना विचारता येत नसेल, डबा खायला कुणी सोबती नसेल, तर तिथे मुलाला मदत लागते.

काही मुलांना हाताच्या कामांतही मदत लागते. शर्टाची बटणं, बुटाची नाडी, सायकल, अक्षर, सगळीकडेच मूल बरोबरीच्या मुलांपेक्षा बरंच मागे असेल, तर तो निष्काळजीपणा नसू शकतो. वैद्यकशास्त्रात याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात, बोलताना डिस्प्रॅक्सिया. शाळकरी मुलांत त्याचं प्रमाण साधारण 5 ते 6 टक्के मानलं जातं, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन मुलं. याचा बुद्धीशी किंवा आळसाशी संबंध नाही. आधी डोळे तपासावेत, मग बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट अशा मुलांना एकेक काम तुकड्यातुकड्याने शिकवतात.

डावखुऱ्या मुलांचंही तसंच. 'गोश' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थच डावा. म्हणजे डाव्या हाताला अनाडी ठरवण्याची खोड तिकडेही होती. जेवताना उजवा हात वापरण्याची सुन्नत आपण प्रेमाने शिकवतोच. पण पेन डाव्या हातात धरलं म्हणून मूल वेंधळं होत नाही. त्याच्यासाठी बनवलेली कात्री नसेल तर ती वाकडी चालणारच.

तेव्हा पुढच्या वेळी ग्लास पडला तर एवढंच म्हणून पाहा, 'सांडलं ना? फडकं आण, दोघं पुसू.' पाहुण्यांसमोर मूल गप्प राहिलं तर 'आमचा असाच बुजरा आहे' हे त्याच्यासमोर सांगू नका. त्याच्या हातात सरबताचा ट्रे द्या. हाताला काम मिळालं की जिभेचं अवघडणं पुष्कळदा आपोआप सुटतं.

तुमच्या घरात, तुमच्या गावच्या बोलीत यासाठी कोणते शब्द आहेत? माणसाला न चिकटणारा एखादा शब्द आठवला तर आम्हाला जरूर कळवा.