उशाकडची बाजू वरच असू द्या

गेल्या हिवाळ्यात टेंभुर्णीतील माझ्या एका वयोवृद्ध रुग्णाला शहरातील रुग्णालयात व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. भेटायला गेलो असता त्यांचा मुलगा हळूच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बाबा दोन दिवस अर्धवट बसूनच आहेत. सिस्टरला सांगून पलंग सपाट करून द्या ना." मलाही दया आली आणि मी तसे सुचवले. सिस्टर नम्रपणे, पण ठामपणे म्हणाल्या, "सर, ते जमणार नाही." त्यांचेच बरोबर होते.

श्वासनलिकेत नळी असलेल्या रुग्णाला नीट खोकता वा गिळता येत नाही. तोंडातील जंतुयुक्त लाळ आणि जठरातून वर आलेला द्रव नळीच्या कडेने फुफ्फुसात झिरपू शकतो. व्हेंटिलेटर लावून ४८ तास उलटल्यावर यातून न्यूमोनिया झाल्यास तो जिवावर बेतू शकतो. म्हणून विशेष मनाई नसेल, तर उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवतात.

परिचारिकेची इतर कामेही अशीच साधी दिसतात. प्रत्येक स्पर्शापूर्वी व नंतर हात स्वच्छ करणे, रुग्णाचे दात मऊ ब्रशने घासणे, साचलेली लाळ ओढून काढणे, नळीच्या फुग्यातील दाब तपासणे. रोज गुंगीचे औषध कमी करून रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो का, हेही डॉक्टरांसोबत पाहिले जाते. कारण नळी जितकी लवकर निघेल, तितका धोका कमी.

नातेवाइकांनी काय करावे? हात धुऊनच आत जावे. पलंग स्वतः खालीवर करू नये. श्रद्धेपोटीसुद्धा तोंडात तीर्थाचा थेंब घालू नये. तो फुफ्फुसात जाऊ शकतो.

सहाव्या दिवशी नळी निघाली आणि आजोबा घरी आले. आता सूनबाई त्यांना बसवूनच भरवतात, जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देत नाहीत, दोन वेळा दात घासून देतात आणि रात्री कवळी काढून ठेवतात. अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येक ज्येष्ठासाठी हे नियम लागू आहेत. झोपेच्या गुंगीत असलेल्या माणसाला पाणी पाजू नये. धाप लागली किंवा अचानक बोलण्यात असंबद्धता आली, तर ताप नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वृद्धांचा न्यूमोनिया कधीकधी तापाविनाही येतो.