उतारवय आणि शेतीचें अष्टावधान

शेती हा अष्टावधानाचा धंदा आहे असें आपण अभिमानानें म्हणतों. विहिरीवरील पंप, बांधावरचे मजूर, गोठ्यांतील व्यालेली गाय आणि बाजारभावाचा निरोप, या सर्वांवर एकाच वेळीं नजर ठेवील तोच खरा कारभारी, अशी आपली समजूत. तरुणपणीं हें निभतें. साठीच्या आसपास निभेनासें होतें. पंप चालूच राहतो, खताचा हप्ता एकाच वाफ्यास दोनदां पडतो, मजुराची हजेरी मांडावयाची राहते. मुलगा म्हणतो, आबांना आतां सुधरत नाहीं. आबा म्हणतात, मला कांहींहि झालेलें नाहीं. माझ्या मतें दोघेहि चुकतात.

मनुष्याचें मन लक्ष लागणारीं दोन कामें बहुधा एकत्र करीत नाहीं. तें एकावरून दुसऱ्यावर जातें आणि पुन्हां पहिल्यावर येतें. वयोमानानें ही येरझार मंदावते, व मध्यें व्यत्यय आल्यास मूळ कामाचा धागा पुन्हां हातीं लागणें जड जातें. परंतु अनुभवानें मिळविलेलें ज्ञान त्या मानानें पुष्कळ टिकतें. मूठभर माती दाबून वापसा ओळखणारा म्हातारा हजेरी विसरला, एवढ्यावरून त्याची पारख गेली असें ठरत नाहीं. मात्र नेहमींची वाट चुकूं लागली, अगर शांतपणें केलेलें एकच कामहि वारंवार बिघडूं लागलें, तर तें साधें वार्धक्य न समजतां वैद्यकीय सल्ला घ्यावा.

चालतांना बोलणें हींहि दोन कामेंच होत. 1997 सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत स्वीडनमधील संशोधकांनीं वृद्धांविषयीं एक साधें निरीक्षण प्रसिद्ध केलें. बोलूं लागतांच ज्यांचे पाय थांबले अशा 12 जणांपैकीं 10 जण पुढील सहा महिन्यांत पडले. आपले बांध तर निसरडे, आणि कानाशीं मोबाईल!

यंत्रापाशीं हाच प्रकार अधिक भयंकर. मळणीयंत्रांत हात जाऊं लागले म्हणून 1983 सालीं धोकादायक यंत्रांविषयीं स्वतंत्र केंद्रीय कायदा करावा लागला. कायदा यंत्र कसें असावें तें सांगेल. पेंढी आंत सारणाऱ्यास मागून हाक मारणाऱ्याचें तोंड तो कसें बंद करणार? तें घरच्यांनींच करावयाचें आहे.

हल्लीं कर्तीं मुलें नोकरीनिमित्त शहरांत असल्यानें पुष्कळ घरांत सारा भार वृद्धांवरच पडतो, आणि दोष काढण्यास मात्र सुटींत आलेला मुलगा मोकळा असतो. महसूल खात्यांत कारकुनी करतांना मीं पाहिलें आहे कीं, हिशेबांतील दोन चुकांचें निमित्त करून बापाच्या हयातींतच वाटपाचा अर्ज आणणारे चिरंजीव थोडे नसतात. सातबाऱ्यावरून बापाचें नांव उतरलें कीं घरांतील त्याच्या शब्दाचें वजनहि उतरतें. मग वापसा कोणास विचारावयाचा? उलट, सर्व दोर हातीं ठेवण्याचा आबांचा हट्टहि शहाणपणाचा नव्हे.

पंपाच्या वेळा, मजुरांची हजेरी आणि फोन हीं कामें तरुणांनीं घ्यावींत. मुलगा गांवांत नसेल तर सुनेनें अगर विश्वासू गड्यानें. पेरणी केव्हां करावी, कोणती गाय ठेवावी, पाणी कमी पडल्यास कोणतें पीक सोडावें, हें आबांस अवश्य विचारावें; मात्र ते कडबाकुट्टीपाशीं उभे असतांना नव्हे.