भोगवटादार वर्ग 2

दिवाळी अंक विकत घेणारा एक आणि वाचणारे दहा, हे गणित या धंद्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. अंक शेजारच्या काकूंकडे जातो, तिथून त्यांच्या नणंदेकडे, आणि मार्गशीर्षात परत येतो तेव्हा शब्दकोडं कुणीतरी अर्धवट सोडवलेलं असतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे असंच चालत आलं असावं. आम्ही संपादक कुरकुरतो. पण वाचनालयांच्या दिवाळी अंक योजना याच सवयीवर उभ्या आहेत.

यंदा आमच्या अंकाची डिजिटल आवृत्ती काढायचं ठरलं आणि एका विक्रेत्याचा करारनामा हाती आला. 'खरेदी करा' हे बटण दाबल्यावर वाचकाला मिळणार होता फक्त परवाना. अंक कुणाला देता येणार नाही, विकता येणार नाही, खातं बंद झालं की अंकही गेला. मला सातबारा आठवला. त्यावर नाव असलेला प्रत्येक जण सारखाच मालक नसतो. भोगवटादार वर्ग 1 असेल तर जमीन विकायला आडकाठी नाही; वर्ग 2 असेल तर आधी सरकारी परवानगी. म्हणून सौद्याच्या बैठकीत चहा येण्याआधीच कुणीतरी विचारतं, "वर्ग कोणता?" मोबाइलवर पुस्तक घेताना हे कुणी विचारत नाही. तशी ही तुलनाही उदारच म्हणायची. वर्ग 2ची जमीन निदान वारसांच्या नावावर चढते.

जुलै 2009मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतल्या वाचकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलची '1984' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' परस्पर काढून घेतली. ती विकायला ठेवणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पुस्तक नेमकं '1984' असावं, यावर आजवर पुरेसं हसून झालं आहे. पैसे परत मिळाले, जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. मला मात्र त्यातला मिशिगनचा शाळकरी मुलगा विसरता येत नाही. त्याने अभ्यासासाठी टिपणं काढली होती. पुस्तकच गेल्यावर कोणतं टिपण कुठल्या ओळीचं, हे कळेना. पुढे 2019मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा किंमत परत केलीच, शिवाय टिपणं केलेल्यांच्या खात्यात 25 डॉलर जास्तीचे जमा केले. समासातल्या पेन्सिलीचा भाव असा ठरला.

1 जानेवारी 2025पासून कॅलिफोर्नियात, हा नुसता परवाना आहे असं स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल मालाला 'खरेदी' म्हणता येत नाही. त्याने मालकी मिळत नाही, पण वर्ग तरी कळतो.

विक्रेत्याची भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. कागदाचा अंक दुसऱ्याला दिला की आपल्याकडे राहत नाही. पीडीएफ दिली तरी राहतेच. गेल्या वर्षी आमचाच अंक, पानं स्कॅन करून, मला एका नातेवाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सोबत लिहिलं होतं, "छान आहे, वेळ काढून वाच."

तरीही तो करार आम्ही केला नाही. डिजिटल अंक आम्हीच विकतो आहोत, कुलूप न लावता. एकदा दिलेला परत काढून घेता येणार नाही, असा. बहिणीला, मेव्हण्याला खुशाल पाठवा. सोसायटीच्या ग्रुपवर तेवढा टाकू नका.